सीएनसी राउटरवर नावाच्या लाकडी भेटवस्तू : मशीन घेण्याआधीपासून पार्सल बांधेपर्यंत

माझी पहिली मोठी ऑर्डर सेवानिवृत्तीची होती. गावकऱ्यांकडून गुरुजींना सागवानी मानपत्र. अक्षरं खोल आणि स्वच्छ उतरली होती, पॉलिशही बरं जमलं होतं. गुरुजींनी पाटी हातात घेतली, नावावरून बोट फिरवलं आणि हसत म्हणाले, "छत्तीस वर्षं पोरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, जाताना माझ्याच आडनावात निघाली."

सगळे हसले. मला मात्र कुठं तोंड लपवावं ते कळेना. माझं मशीन म्हणजे सीएनसी राउटर: संगणकावर काढलेल्या आकारावरून 'बिट' नावाचं गरगर फिरणारं पातं चालवून लाकूड कोरणारं. त्यानं मी दिलेलं बरोब्बर कोरलं होतं, मीच चुकीचं दिलं होतं. परभणीत घरच्या पुढच्या खोलीत हे काम सुरू केलं तेव्हा वाटायचं, मशीन आलं की झालं. आता विचाराल तर सांगेन, मशीन चालू होण्याआधीच निम्म्याहून जास्त काम होतं किंवा बिघडतं. म्हणून या लेखात नावाला आणि लाकडाला जास्त जागा दिली आहे, मशीनला कमी.

## १. आधी वस्तू ठरवा

"काय काय बनवता?" या प्रश्नाला "सगळंच" असं उत्तर देऊ नका. सुरुवातीला तीनच वस्तू पकडा. माझ्या तीन होत्या: घराची नेमप्लेट, मानपत्राची पाटी, आणि लग्नाची तारीख व जोडप्याची नावं कोरलेला पाट. तिन्हींना सपाट फळी लागते, तिन्हींना तीच दोन बिटं पुरतात, आणि आपल्याकडे वास्तुशांत, लग्न, सेवानिवृत्ती यांना वर्षभर तोटा नाही. पैठणी ठेवायची पेटी, झाकणावर मोर किंवा आसावलीची वेल, हे काम फार देखणं होतं, पण ते सहा महिन्यांनी.

पोळपाटाबद्दल आधीच सांगतो, कारण ही मागणी हमखास येते. आईसाठी, सासूसाठी नाव कोरलेला पोळपाट. वरच्या बाजूला कोरलंत तर कणीक त्या खाचांत बसते, पोळीवर उलटं नाव उठतं आणि दोन दिवसांत पोळपाट अडगळीत जातो. नाव खालच्या बाजूला कोरा.

## २. मशीन निवडणं

नवशिक्यांसमोर साधारण दोन रस्ते असतात. पहिलं '३०१८' नावाचं छोटं मशीन: कामाची जागा ३०० बाय १८० मिमी, मोटर हलकी, आत मशीन चालवणारी जीआरबीएल नावाची मोफत प्रणाली. यावर शिकता येतं, किचेन आणि छोट्या पाट्या होतात, पण बाभळीसारखं लाकूड समोर आलं की ते रडतं. दुसरं '६०४०': ६०० बाय ४०० मिमी, बिट फिरवणारी, पाण्यानं थंड होणारी स्पिंडल मोटर, मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत वेग. नेमप्लेटचा धंदा करायचा असेल तर हेच.

आमच्याकडे म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' मी पहिलं मशीन त्याच हिशेबानं मागवलं, म्हणजे फोटो पाहून. त्याची झेड बाजू, म्हणजे वर-खाली होणारा भाग, हातानं हलवला तरी डुलत होता. तुम्ही तसं करू नका. विकत घेण्याआधी मशीन चालू असलेलं बघा आणि हे तपासा:

- स्पिंडलला हातानं बाजूला दाबलं तर हलतं का?
- होमिंग स्विच आहेत का? नसतील तर वीज गेल्यावर मशीनला आपण कुठं होतो ते आठवत नाही.
- कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड, कोणता आहे? ईआर-११ असेल तर ३.१७५ आणि ६ मिमी दांड्याची बिटं बसतात, आणि ती सगळीकडे मिळतात.
- सुटे भाग कोण देणार? सहा महिन्यांनी तो माणूस फोन उचलेल का?

पाण्याच्या स्पिंडलला पाणी फिरत असल्याशिवाय एक मिनिटही चालू करायचं नाही. मे महिन्यात बादलीतलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं. मी मोठी बादली वापरतो आणि जड काम सकाळी दहाच्या आत उरकतो.

## ३. जागा, वीज आणि धूळ

इथं मराठवाड्यातल्या माणसाला पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंपेक्षा वेगळी तयारी करावी लागते.

पहिली गोष्ट अर्थिंग. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कंट्रोलर, म्हणजे मशीनच्या मोटरी हलवणारी पेटी, विनाकारण बंद पडायला लागतो किंवा मशीन मधेच एखादं पाऊल चुकतं. मी दोन आठवडे केबल बदलत बसलो होतो. शेवटी वायरमननं येऊन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि मशीन सरळ चालायला लागलं. आता उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खड्ड्याला पाणी घालतो, तुळशीला घालावं तसं.

दुसरी गोष्ट यूपीएस. इथं एक सापळा आहे. बरेच जण कंट्रोलर आणि संगणक यूपीएसवर ठेवतात आणि स्पिंडल थेट लाइनवर. वीज गेली की स्पिंडल थांबतं, पण मशीन मात्र थांबलेलं बिट लाकडात रेटत राहतं. बिट मोडतं, कधी फळीसुद्धा फाटते. वीज गेली की दोन्ही एकदम थांबतील अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. शिवाय लॅपटॉपची स्लीपची सेटिंग बंद करा. दीड तासाच्या कामात एक तास वीस मिनिटांनी स्क्रीन काळी झाली की काय वाटतं ते सांगण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट धूळ. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलेली आहे, एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळीच्या, धुळीत वर गोंदाचं रसायनही असतं. नुसता रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि स्पिंडलला लावलेला व्हॅक्यूम, तिन्ही हवेत. घरात लहान मूल असेल तर एमडीएफचं काम घरात करूच नका.

## ४. काय काय लागतं

- ६० आणि ९० अंशांची व्ही-बिटं, म्हणजे 'V'सारख्या टोकाची, प्रत्येकी दोन-दोन. एक मोडणारच.
- ३ मिमी आणि ६ मिमी सपाट टोकाची बिटं, दोन धारांची.
- खाली टाकायला १८ मिमी एमडीएफचा बळीचा पाट. बिट आरपार गेलं तर याला लागतं, मशीनच्या टेबलाला नाही.
- क्लॅम्प, मास्किंग टेप, झटपट चिकटणारा गोंद.
- गुण्या, व्हर्निअर कॅलिपर, लोहचुंबक.
- पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० नंबरचे.
- जुना दात घासायचा ब्रश. अक्षरांच्या खाचांतला भुसा काढायला यापेक्षा चांगलं हत्यार मला अजून सापडलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये चित्रं-अक्षरं काढायचं इंकस्केप मोफत आहे आणि मराठीसाठी तेच लागतं. मशीनला जी-कोड, म्हणजे त्याला कळणारे हुकूम, पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा कँडल, दोन्ही मोफत. टूलपाथसाठी, म्हणजे बिटानं फिरायची वाट आखायला, फ्रीकॅड मोफत आहे पण डोकं खातं. व्हीकार्व्ह विकतचं आहे आणि अक्षरांच्या कामाला फार सोपं पडतं. पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, आधी चाचणी आवृत्तीवर हात बसवा.

## ५. लाकूड

सागवान कोरायला छान, टिकाऊ, आणि 'सागवानी' म्हटलं की गिऱ्हाईक भाव कमी विचारतं. पण सागात सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते. किनवटकडच्या जंगलाचा साग आपल्या भागात नावाजलेला आहे. घेताना वखारीची पक्की पावती घ्या. पावती नसलेला स्वस्त साग कुणी रात्री आणून देत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, वन विभागाचा प्रश्न आला की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

कडुलिंब बारीक कोरीव कामाला चांगला उतरतो, स्वस्त पडतो, पण धूळ कडवट आणि नाकाला झोंबणारी. बाभूळ दगडासारखी, पोळपाटाला उत्तम, पण बिटाचा जीव घेते. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. शिसम दिसायला राजा, फक्त गडद लाकडात कोरलेलं अक्षर लांबून वाचता येत नाही, तिथं अक्षरात सोनेरी किंवा पांढरा रंग भरावा लागतो.

लाकूड वाळलेलं आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ८ ते १२ टक्क्यांच्या आत आकडा हवा. यंत्र नसेल तर फळीचं वजन करून लिहून ठेवा, आठ दिवसांनी पुन्हा करा. कमी भरलं तर ती अजून वाळतेय. आमच्या गल्लीतले सुतारमामा फळी नुसती बोटानं वाजवतात. मी एकदा घाईत असताना त्यांनी फळी हातात घेतली, टकटक केली आणि म्हणाले, "नको घेऊ बाबा, अजून बद्द वाजायलंय ते. खणखणीत वाजलं की कोर." मी ऐकलं नाही. कोरून झाल्यावर तिसऱ्या दिवशी पाटी पन्हाळीसारखी वाकली. एका बाजूनं कोरलं की त्या बाजूनं ओल झपाट्यानं जाते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या हवेत तर विचारूच नका.

आता माझं सगळ्यात आवडतं लाकूड: पाडलेल्या माळवदाचं. जुन्या माळवदाच्या घरांच्या तुळया आणि खांब पन्नास-पन्नास वर्षं वाळलेले असतात, ते वाकत नाहीत. लोक गावाकडचं घर पाडताना ते जळणाच्या भावानं देऊन टाकतात. एक गिऱ्हाईक आजोबांच्या घराच्या तुळईचा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, वडिलांच्या नव्या घराची नेमप्लेट यातूनच करा. त्या पाटीवर फक्त आजोबांचं आणि गावाचं नाव कोरलं. एवढ्या साध्या पाटीसाठी मला नंतर त्याच कुटुंबातून चार फोन आले.

सापळा मात्र इथंच आहे. जुन्या लाकडात चुका असतात, म्हणजे बारीक खिळे, डोकं गंजून गेलेले, वरून अजिबात न दिसणारे. त्या तुळईत मी चार काढले, पाचवा माझ्या ६ मिमी बिटानं शोधला. ठिणगी उडाली आणि बिटाचं टोक कपाटाखाली गेलं. जुन्या फळीवरून सगळीकडून लोहचुंबक फिरवा. शंका असेल तर बाजारात हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर मिळतो, एका बिटाच्या नुकसानीपुढे तो महाग नाही. आणि चष्म्याशिवाय जुन्या लाकडापुढे उभंसुद्धा राहू नका.

## ६. नाव लिहिणं

हा टप्पा सावकाश वाचा.

गिऱ्हाइकाकडून नाव लेखी घ्या. फोनवर ऐकून कधीही टाइप करू नका. 'सुनीता' की 'सुनिता', 'दत्तात्रय' की 'दत्तात्रेय', 'हृषीकेश' की 'ऋषिकेश', हे तुम्ही ठरवायचं नाही. व्याकरणानं काय बरोबर ते मनात ठेवा आणि त्यांना विचारा. त्यांना त्यांच्या पद्धतीनंच हवं असेल तर तसंच कोरा. नाव त्यांचं आहे.

रफार आणि 'ऱ्ह'. गुरुजींच्या पाटीवर हीच चूक होती. कऱ्हाळे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे ही आडनावं आपल्याकडे आहेतच. 'र' टाइप करून हलंत आणि मग 'ह' दाबलं की संगणक रफार काढतो आणि 'कर्हाळे' होतं. त्याऐवजी नुक्त्याचा 'ऱ' घ्यायचा, मग हलंत, मग 'ह'. मोबाईलच्या कीबोर्डवर तो 'र' दाबून धरल्यावर सापडतो. गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुरातही हे चुकलेलं असू शकतं, तिथून थेट उचलू नका.

टूलपाथ आखणाऱ्या, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप करू नका. अशी बरीचशी सॉफ्टवेअरं जोडाक्षरं सुटी करून टाकतात. 'श्री'चे तुकडे होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाते. इंकस्केपमध्ये टाइप करा, तिथं जोडाक्षरं नीट येतात. मग असं:

१. मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. आता तो मजकूर राहिला नाही, आकार झाला. म्हणून आधी मूळ फाइलची एक प्रत ठेवा.
२. 'अनग्रुप' करा.
३. सगळं निवडून 'युनियन' करा.

तिसरी पायरी लोक विसरतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, पण युनियन केलं नाही तर मशीनला प्रत्येक जोडाजवळ एक उभी रेघ दिसते आणि ती इमानदारीनं कोरते. शिरोरेषेवर ठिकठिकाणी चिरा दिसत असतील तर कारण हेच.

फॉन्ट. मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्या, म्हणजे धंद्यासाठी वापरायला अडचण नाही. मुक्ता आणि बालू हे जाड वजनात कापून काढायच्या नावांना चांगले. तिरो देवनागरी मराठी कोरण्यासाठी सुंदर, त्यात रेषा जाड-बारीक होत जातात आणि व्ही-बिटाला तेच हवं असतं. 'ल' आणि 'श' यांचं वळण मराठी आहे की हिंदी, हे बघून घ्या. ज्येष्ठ मंडळींच्या लगेच लक्षात येतं. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल कुणी दिली तर ती तुमच्या संगणकावर अगम्य चिन्हं दाखवेल, तेव्हा पीडीएफ मागा किंवा सरळ पुन्हा टाइप करा. आणि 'विठ्ठल'सारख्या नावात काही फॉन्ट एक 'ठ' दुसऱ्याखाली टांगतात. नाव खालून लांबतं, पाटीत बसवायला सगळंच लहान करावं लागतं. तेव्हा फॉन्ट बदला.

आरपार कापायची नावं. इथं देवनागरीचा मोठा फायदा आहे. इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं पडतं, आपलं नाव शिरोरेषेला लटकून एकसंध राहतं. पण तीन ठिकाणी घात होतो. अनुस्वाराचा टिंब सुटून पडतो, म्हणून 'संगीता'चा टिंब इंकस्केपमध्येच बारीक दांडीनं खाली जोडून घ्या. 'भ', 'ध' आणि 'थ' यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, त्यामुळे 'शोभा' कापलं तर 'शो' आणि 'भा' असे दोन तुकडे हातात येतात. तिथं खालून एक पट्टी द्या किंवा मागे पातळ फळी चिकटवा. तिसरा घात लाकडाचा आहे: शिरोरेषा आडवी, काना उभा, आणि लाकडाचे रेषे (तंतू) एकाच दिशेनं. रेषे आडवे ठेवले तर काना मोडतो, उभे ठेवले तर शिरोरेषा. म्हणून आरपार नावं अस्सल लाकडात न करता चांगल्या प्लायवूडमध्ये किंवा एमडीएफमध्ये करा. सागवानाचा हट्ट असेल तर प्लायवर सागाचं व्हिनिअर, म्हणजे चिकटवायचा पातळ पापुद्रा.

शेवटची तपासणी. नाव खऱ्या मापात कागदावर छापा, फोटो पाठवा आणि "बरोबर आहे" असं लेखी उत्तर आल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. मी आता आणखी एक करतो: नाव उलट्या क्रमानं, शेवटच्या अक्षरापासून, मोठ्यानं वाचतो. सरळ वाचताना डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो.

## ७. टूलपाथ आणि वेग

व्ही-बिट रेघ जितकी रुंद तितकं खोल जातं. ६० अंशाच्या बिटानं ४ मिमी रुंदीची रेघ कोरली तर ते सुमारे साडेतीन मिमी आत उतरतं, ९० अंशाच्या बिटानं २ मिमी. म्हणजे ६ मिमीच्या पातळ फळीवर जाड फॉन्ट आणि ६० अंशाचं बिट ही जोडी लावली तर बिट खालून बाहेर येणार. जाड अक्षरांना ९० अंश, बारीकला ६०. १२ मिमीपेक्षा कमी उंचीची देवनागरी अक्षरं नवशिक्यानं घेऊ नयेत, 'क्ष' आणि 'ष' यांच्या पोटातलं लाकूड उडून जातं.

माझ्या ६०४० वर सागासाठी सुरुवातीचे आकडे असे: ३ मिमी, दोन धारांचं बिट, मिनिटाला १२,००० फेरे, मिनिटाला १,००० मिमी सरक (बिट पुढे सरकायचा वेग), बिटाच्या एका खेपेत १ ते दीड मिमी खोली. बाभळीला खोली निम्मी करा. ३०१८ असेल तर सरक ३०० ते ४०० आणि खोली अर्धा मिमी. हे आकडे देववाणी नाहीत, तुमच्या मशीनचा ताठपणा वेगळा असेल.

खरी परीक्षा भुशात आहे. चिमूटभर भुसा बोटांत घ्या. रव्यासारखा, किंचित किसासारखा लागला तर ठीक. ज्वारीच्या पिठासारखा मऊ लागला तर बिट कापत नाही, घासतंय, थोड्या वेळात जळकट वास येईल. तेव्हा सरक वाढवा किंवा फेरे कमी करा. नवशिके घाबरून सरक कमी करतात आणि बिट आणखी जाळतात, मीही हेच केलं होतं.

## ८. पकड, शून्य आणि पहिला कट

फळी घट्ट धरलेली हवी. क्लॅम्प लावत असाल तर स्पिंडलच्या वाटेत एकही येत नाही ना, हे हवेत रिकामी फेरी मारून बघा. बिट लाकडाच्या १० मिमी वर ठेवून पूर्ण काम एकदा चालवायचं. कंटाळवाणं आहे, पण लोखंडी क्लॅम्पला बिट धडकलेलं एकदा ऐकलं की पुन्हा कंटाळा येत नाही. छोट्या तुकड्यांना मी फळी आणि खालचा पाट, दोन्हींना मास्किंग टेप लावतो, आणि दोन टेपच्या मधे झटपट गोंद. सुटताना स्वच्छ सुटतं.

शून्य, म्हणजे जिथून मशीन खोली मोजतं ती जागा, लावायला फळीवर कागदाचा कपटा ठेवा, बिट हळूहळू खाली आणा आणि कपटा किंचित अडकला की थांबा. फळीची जाडी चारही कोपऱ्यांत मोजा. अर्धा मिमीचा फरक असेल तर एकीकडची अक्षरं जाड आणि दुसरीकडची बारीक येतील, कारण व्ही-बिट खोलीवरच रुंदी ठरवतं. रंधा मारून आधी सपाट करा.

पहिला कट नेहमी टाकाऊ तुकड्यावर. मशीन चालू असताना खोली सोडून जाऊ नका, चहा आत मागवा. सैल बाही, उपरणं, ओढणी, हातमोजे यातलं काहीही फिरत्या बिटाजवळ नको.

## ९. रंग आणि पॉलिश

अक्षरांत रंग भरायचा असेल तर क्रम असा: फळी घासा, सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या, वाळू द्या, मग कोरा, मग रंग भरा, वाळला की वरचा सांडलेला रंग २४० च्या पेपरनं उडवा, शेवटी पॉलिश. सीलरशिवाय रंग भरला तर तो रेषांतून आडवा पसरतो आणि प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात. जातीनं मोकळ्या रेषांच्या लाकडात तर कोरल्यावर खाचेतही सीलरचा एक हलका हात द्या.

पावसाळी दमट दिवशी मेलामाइन किंवा लॅकर पॉलिश मारू नका, पांढुरका धुरकट थर येतो. पोळपाट किंवा ताटाला यातलं काहीच नको, खाण्यायोग्य मिनरल ऑइल वापरा. शेंगदाणा तेल लावाल तर महिन्याभरात खवट वास मारेल. सजावटीच्या वस्तूला जवसाचं तेल सुंदर चमक देतं, पण तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

## १०. दर लावणं

१२ बाय ८ इंचांची, पाऊण इंच जाडीची नेमप्लेट धरू. ७२ घनइंच, म्हणजे १,७२८ नं भागून साधारण ०.०४२ घनफूट. उदाहरणापुरता सागाचा भाव घनफुटाला ४,००० रुपये धरला तर लाकूड १६७, तूट धरून २१०. मशीन ५० मिनिटं, तासाला २०० नं १६७. नाव बसवणं, घासणं, पॉलिश असे तुमचे दोन तास, तासाला १५० नं ३००. रंग, बिटाची झीज, पॅकिंग १००. झाले ७७७. दहातली एक पाटी बिघडते, त्याचे दहा टक्के टाका. ८५५ च्या आसपास ही तुमची लागत झाली, नफा यापुढे.

सगळे जण ते दोन तास विसरतात आणि "लाकूड दोनशेचं, पाचशेला विकली" म्हणून खूश होतात. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. दुसऱ्याचं नाव कोरलेली पाटी तिसरा कुणी घेत नाही.

इंटरनेटवरून उतरवलेली गणपतीची किंवा मोराची थ्रीडी फाइल विकाऊ वस्तूवर वापरण्याआधी तिचा परवाना वाचा. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलेलं असेल तर सोडून द्या.

## ११. कागदपत्रं आणि कर्ज

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. शोधताना पैसे मागणारी तशीच दिसणारी पानं वर येतात, तिथं एक रुपयाही देऊ नका. ज्याचा धंदा फक्त वस्तू विकण्याचा, त्याला जीएसटी राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधी सीएला विचारा.

कर्जासाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या योजनेची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. तिथं अनुदान प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत असतं: खुल्या गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५, महिला व राखीव गटांना अनुक्रमे २५ आणि ३५. जाण्याआधी सध्याचे नियम विचारून घ्या. सोबत न्यायचं:

- आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- ग्रामीण भाग असल्यास ग्रामपंचायतीचा दाखला
- मशीनचं कोटेशन, जीएसटी क्रमांकासह
- प्रकल्प अहवाल

सापळा असा, की ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. मंजुरीआधीच मशीन घेऊन धंदा सुरू केलात तर तुमचा उद्योग 'जुना' ठरू शकतो. माझ्या ओळखीत एकाचं अगदी असंच झालं. घरात सुतारकीच असेल तर कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला, ती सुरू झाली. १८ व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचं कर्ज आहे.

## १२. पार्सल

पॉलिश निदान दोन दिवस वाळू द्या, नाहीतर बबल रॅपचे गोल ठसे पाटीवर उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. एसटीनं पाठवताना खोक्यावर नाव-पत्ता दोन बाजूंना लिहा, एक बाजू घासली जाते. भिंतीवर टांगायची पाटी असेल तर मागची भोकं तुम्हीच पाडून द्या आणि दोन स्क्रू पिशवीत घाला. गिऱ्हाईक घरी खिळा ठोकायला जातं आणि तुमची पाटी मधोमध चिरते, मग फोन तुम्हालाच येतो.